सहा ते साडेआठ

जयमालानं मोबाईलवरच्या सत्तराचे ऐंशी केले, ऐंशीचे पुन्हा सत्तर केले, ‘सेव्ह’वर बोट दाबलं आणि भिंतीवरच्या बॅटरीकडे डोळे वटारून पाहिलं.

"आता सत्तराच्या खाली उतरलीस त पाह्य," ती म्हणाली.

बॅटरीनं तिला काडीची भीक घातली नाही. सव्वासातच्या सुमारास तिनं सत्तर ओलांडले, साठ ओलांडले, आणि साडेआठला अडतीसवर येऊन ती निवांत बसली. गेले पंधरा दिवस हेच चाललं होतं. राखीव साठा सत्तर टक्के ठेव, असं सांगितलं की ‘ठेवते’ असं पडद्यावर लिहून यायचं, आणि बाई संध्याकाळी खुशाल सगळं खर्चून मोकळी.

घराच्या मागच्या खोलीत जयमालाचं चॉकी केंद्र होतं. रेशमाच्या अळ्या अंड्यातून निघाल्यापासून दुसरी कात टाकेपर्यंत तिनं सांभाळायच्या आणि मग शेतकऱ्यांनी घेऊन जायच्या, असं ते काम. खोली सत्तावीस अंशांवर राहिली पाहिजे, हवेत ओल राहिली पाहिजे. कात टाकताना अळ्या मान वर करून निपचित बसतात. तेव्हा गारठा लागला, तर काही पुढे जातात, काही मागे राहतात, आणि तसं अळ्यांचं ताट शेतकरी नाक मुरडून परत करतो. नवे खांब उभे करायचे म्हणून डिसेंबरभर सकाळी सहा ते नऊ वीज बंद होती. त्या तीन तासांसाठीच तर छपरावर पॅनेल आणि भिंतीवर बॅटरी लावली होती. उन्हावर भरायची आणि सकाळच्या थंडीत हीटर चालवायची. पण अडतीस टक्के पावणेआठलाच संपायचे.

मागची खेप अशीच मागंपुढं झाली होती. ह्या खेपेला चारशे अंडीपुंज होते, अकरा शेतकऱ्यांनी नावं दिली होती. रोज सकाळी जयमाला गरम पाण्याचे हंडे खोलीत ठेवून कशीबशी वेळ मारून नेत होती. पहिली कात तशीच पार पडली. दुसरीला सहा दिवस होते, आणि थंडी वाढत चालली होती.

तिचे सासरे उकंडराव दारात उभे राहिले. हातात टॉर्च, खांद्यावर चिखलानं माखलेलं फडकं. ते रोज संध्याकाळी तुतीला पाणी द्यायला जात आणि जेवायच्या वेळेला परतत. अळ्यांच्या पाल्याची सगळी जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती. सून अळ्या पाळते म्हटल्यावर गावभर हसलेले उकंडराव तुतीच्या एकेका झाडाला मात्र नातवासारखं जपत. हे त्यांनी कबूल केलं नसतं.

"किती झाली?"

"अडतीस."

"ते पेटी कोनाचंच ऐकत नाई," ते म्हणाले. "पाह्य जयमाला, ह्याही खेपीले अळ्या मागंपुढं झाल्या, त खोली रिकामी करजो. तूर ठेवू तिच्यात."

ते चिडून बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते अगदी शांतपणे बोलले, म्हणजे ठरवूनच बोलले होते.

बॅटरी बसवून देणारा हर्षल खामगावला असे. फोनवर त्याचं उत्तर ठरलेलं. "वहिनी, ॲप काढून टाका, परत घ्या." जयमालानं तीनदा काढलं, तीनदा घेतलं. मग तिनं हर्षलचा नाद सोडला आणि पाटीचा धरला.

खोलीच्या दाराशी एक काळी पाटी टांगलेली होती. दर तासाला उष्णता आणि ओल त्यावर खडूनं लिहायची, ही तिची शिस्त. अळी बोलत नाही, म्हणून पाटीनं बोलायचं. तिनं त्यावर तिसरा रकाना आखला आणि त्यात बॅटरीचा आकडा लिहू लागली. तीन दिवस झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून पाटीसमोर उभी राहिली.

पहिल्या दिवशी अडतीसवर थांबली. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीसवर. तिसऱ्या दिवशी एकतीसवर. आणि थांबली ती थांबली. रात्रभर हीटर चालू होता, तरी सकाळपर्यंत एका टक्क्यानंही हलली नाही.

जी सत्तराला जुमानत नाही, ती एकतीसला का जुमानते?

तिनं तीनही दिवसांवरून बोट फिरवलं. आकडे वेगळे होते, पण वेळ तीच. उतरण सहाच्या आसपास सुरू व्हायची आणि साडेआठच्या आसपास संपायची. म्हणजे बॅटरी आकडा पाहतच नव्हती, घड्याळ पाहत होती. पण घड्याळाचं तिला कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी तिला ज्वारी दळायला पाठवलं. गल्लीच्या टोकाला अन्नपूर्णाबाईंची विजेवरची गिरणी. अन्नपूर्णाबाई जात्याच्या तोंडाशी नव्हे, बाहेर ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आता काऊन आणलं व?" त्या म्हणाल्या. "ह्या टायमाले गिरनी उचलतच नाई. दिवाळीपासून असंच आहे. सहाले मान टाकते, साडेआठले उठते."

जयमालाच्या डोक्यावरचा डबा तसाच राहिला.

"किती वाजता म्हणालात?"

"सहा ते साडेआठ. तो काटा पाह्य ना."

गिरणीच्या फळीवर लाईनचा दाब दाखवणारा काट्याचा मीटर होता. काटा दोनशे वीसच्या जागी एकशे पंचावन्नावर लोंबकळत होता. जयमालानं तिथूनच हर्षलला फोन लावला. तिनं ॲपचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, की लाईनचा दाब एकशे पंचावन्न असला, तर आपली मशीन काय समजते?

हर्षलनं आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

"वहिनी, एकशे सत्तरच्या खाली गेलं त लाईन गेली असंच समजते ते. मग सगळं घर बॅटरीवर घेते."

"आन् राखीव साठा?"

"तो लाईन गेल्यावर वापरायसाठीच असते ना... थांबा थांबा. अरे बाप्पा!"

म्हणजे बॅटरी आज्ञेबाहेर नव्हतीच. तिच्या लेखी रोज संध्याकाळी वीज जात होती, आणि वीज गेल्यावर जे करायचं ते ती इमानेइतबारे करत होती. शेजारच्या घरात दिवा दिसतो, म्हणून लाईन आहे असं ही माणसंच धरून चालली होती. पंधरा दिवस आपण त्या गरीब पेटीला शिव्या घातल्या, याचं जयमालाला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती उकंडरावांना, आपल्या मामाजींना, आग्रहानं गिरणीवर घेऊन गेली. पाण्याला उद्या जा म्हणाली, आज एवढं डोळ्यांनी पाहाच. सहा वाजले. सव्वासहा झाले. काटा दोनशे वीसवर होता, जरासुद्धा हलेना. अन्नपूर्णाबाईंनी बटण दाबलं, तर गिरणी घरघरत सुरू झाली आणि त्या स्वतःच दचकल्या.

"आजच कसं?"

उकंडरावांना भलताच आनंद झाला. "लाईन चांगली खणखणीत आहे! कंपनीवाला फसवते, आन् ही त्याच्यावर विश्वास ठेवते." सात वाजेपर्यंत ते ओट्यावर ऐसपैस बसून सगळ्यांना हेच सांगत होते. उशीर झाला म्हणून मग ते शेतात गेलेच नाहीत.

जयमाला खाली मान घालून घरी आली. बॅटरी सत्तरावर होती. साडेसातला सत्तर, आठला सत्तर, झोपायच्या वेळीही सत्तर. सकाळी नऊपर्यंत हीटर एकदाही बंद पडला नाही. तिला हसावं की रडावं कळेना. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बॅटरीनं ऐकलं, आणि नेमकं कशामुळे ते माहीत नाही. तिनं पाटीवर सत्तर लिहिलं आणि खडू हातातच राहिला.

काल संध्याकाळी वेगळं काय होतं?

काल मामाजी तिच्याजवळ बसले होते.

तिला एकदम विहिरीवरचा लोखंडी डबा आठवला. शेताची तीन फेजची वीज येते अवेळी. म्हणून दिवाळीत मामाजींनी खामगावहून हा कंडेन्सर आणला होता, एकाच फेजवर मोटार ओढायला. ‘पाला ताजा पाहिजे न तुह्या अळ्यांले,’ असं म्हणाले होते. आणि ती विहीर गावालगतची, गावाच्याच डीपीवरची, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या रोहित्रावरची.

संध्याकाळी तिनं त्यांना जाऊ दिलं आणि अर्ध्या तासानं मागोमाग विहिरीवर गेली. मोटार गुरगुरत होती. उकंडराव फावड्यानं तुतीच्या सरीत पाणी वळवत होते. सुनेला पाहून ते थांबले.

"काय झालं?"

"काही नाई मामाजी. पाच मिनिटं मोटार बंद करता का?"

"काऊन?"

"करून त पाहा."

त्यांनी खटका पाडला. शेतात एकदम शांतता झाली. जयमालानं अन्नपूर्णाबाईंना फोन लावला आणि गिरणीचं बटण दाबायला सांगितलं. झाडांच्या पलीकडून गिरणीचा आवाज आला, आधी जड, मग चढता, मग एकसारखा.

उकंडराव त्या दिशेनं पाहत राहिले. कोणी सांगितलं नसताना त्यांनी खटका वर केला. मोटार गुरगुरली आणि गिरणीचा आवाज कण्हत कण्हत बसला. त्यांनी खटका पाडला. गिरणी उठली. पुन्हा वर, पुन्हा खाली. चौथ्या वेळी खटका पाडून त्यांनी हात तिथेच ठेवला.

जयमालानं फोन बंद केला. सांगायला काही उरलंही नव्हतं. पण आतून तिला असा आनंद झाला होता, की त्या ओल्या सरीतून पळत सुटावं.

"पाला सुकला असता," ते म्हणाले.

"हाव मामाजी. तुमच्या पाल्यावरच त जगल्या अळ्या."

सकाळी ती खोलीत शिरली, तेव्हा मागून उकंडराव आले. त्यांनी वायरी तोडलेला कंडेन्सर तिच्या हातात दिला.

"हे तुह्या खोलीत ठेव. माह्या हाताशी राह्यलं, त मन होते."

"आन् पानी?"

"तीन फेज येईन तवा देईन. दुपारी येवो का कवाही येवो."

त्या रात्री दुसरी कात आली. सगळ्या अळ्यांनी एकाच रात्री कात टाकली आणि एकदमच पाला मागितला. थंडीच्या सकाळी सात वाजता अंगणात अकरा शेतकरी आपापले क्रेट घेऊन उभे होते. वीज बंद होती. खोलीत हीटर लाल दिसत होता. राजकुमार थेट सोनाळ्याहून आला होता. मागच्या खेपेचं ताट त्यानंच परत केलं होतं. त्यानं वाकून एकेक ताट पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि टोपी मागं सरकवली.

"सगळ्या सारख्या हो वहिनी! एकही मागं नाई. मागच्या खेपीले काय झालं होतं मंग?"

जयमाला पाल्यावरून नजर न उचलता म्हणाली, "काही नाई भाऊ. एक वायर ढिली होती."

"वायर-गियर काही नव्हती," दारातून आवाज आला. उकंडराव आत आले. अकरा माणसं त्यांच्याकडे वळली. गावात ह्या माणसानं आपली चूक कबूल केल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. "माही मोटार होती. मीच चालवत होतो रोज. अख्ख्या गल्लीची लाईन पाडली मी. कंपनीवाल्याले नाई सापडलं ते. हिनं हुडकलं."

राजकुमारनं उगाच क्रेटचा कोपरा झटकला. जयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते पुसलं नाही.

उकंडरावांनी पाटीखालचा खडू उचलला. सात वाजून गेले होते आणि तिसरा रकाना रिकामा होता.

"किती लिहू?"

तिनं बॅटरीकडे पाहिलं. "सत्तेचाळीस, मामाजी."

त्यांनी तो आकडा चांगला ठळक काढला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा खांदा लागून पुसला जाऊ नये म्हणून पाटी वरच्या खिळ्याला टांगली.