डावखुऱ्याचा उजवा पाय

क्लबात सगळे त्याला डावखुरा म्हणत, आणि ते काही उगीच नव्हे. चौदा वर्षं हा गृहस्थ डाव्या बगलेवरून फुटबॉल खेळला आणि उजव्या पायाला उभं राहण्यापलीकडे कसलं म्हणून काम दिलं नाही. लाडावलेल्या पाहुण्यासारखा तो पाय नुसता सोबत यायचा.

मग क्लबात नवीन फिजिओबाई आल्या. त्यांनी व्यायामशाळेच्या फरशीवर मोजपट्टी चिकटवली आणि एकेकाला एका पायावर लांब उडी मारायला लावली. डावखुऱ्याचा डावा पाय एकशे ऐंशी सेंटीमीटर गेला. उजवा दीडशेवर धापकन बसला.

"दोन पायांत दहा टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे दुखापतीला आमंत्रण," बाई म्हणाल्या. "तीन आठवड्यांनी पुन्हा मोजू. नाही जमलं, तर शेवटची मॅच बाकावरून बघायची."

नेमकी तीच मॅच! सहा वर्षांची लेक पहिल्यांदाच बाबाला खेळताना बघायला येणार होती. अर्ध्या वर्गाला सांगूनही झालं होतं. डावखुऱ्याने घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

बायको शिवणकाम करायची. तिने मशीनवरून मानही वर केली नाही. "त्यात नवीन काय? बारा वर्षं तुमच्या पँटी शिवतेय. डावी मांडी दरवेळी दोन सेंटीमीटर सैल ठेवते. मला कुणी विचारलंच नाही!"

तीन आठवडे घरात नुसता धुमाकूळ. दात घासायचे उजव्या पायावर, भांडी विसळायची उजव्या पायावर, सासऱ्यांशी फोनवर अदबीने बोलायचं तेही उजव्याच पायावर. लेक शेजारी बसून मोठ्याने आकडे मोजायची. पण गड्याचा त्या पायावर काडीचा विश्वास नव्हता. चाचणीच्या सकाळी त्याने शक्कल काढली: उजवा वाढत नसेल, तर डावा कमी करायचा. दीडशेला दीडशे, मिटली कटकट!

आधी डाव्याची पाळी होती. त्याने बेताने उडी मारली. बरोब्बर दीडशे! स्वारी मनातल्या मनात खूश झाली आणि उजव्यावर जीव खाऊन उडाली.

एकशे एकाहत्तर.

अरे देवा! मेहनतीला फळाला यायला हीच वेळ सापडली. फरक पुन्हा दहाच्या वर, फक्त उलट्या बाजूने.

"डाव्याला काय झालं?" कोचने विचारलं.

"ठणकतोय जरा."

"मग तर बाकावरच बसा."

आता आली का पंचाईत! लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि त्याने सगळं ओकून टाकलं. "मुद्दाम कमी मारली, साहेब. उजव्याचा भरवसाच नव्हता. लाज वाटते."

फिजिओबाईंनी हसू दाबलं आणि पट्टीकडे बोट केलं. या वेळी डावा एकशे ब्याऐंशी गेला. फरक सहा टक्के.

"पाय सारखे झाले," कोच म्हणाला, "अक्कल अजून लंगडी आहे. पहिला हाफ बाकावर."

दुसऱ्या हाफमध्ये गोलसमोर बॉल आला तो नेमका उजव्या पायाशी. बदलायला वेळच नव्हता. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने उजव्याने सणसणीत किक मारली. बॉल गोलच्या पार डोक्यावरून गेला. सगळ्या स्टँडने कपाळाला हात लावला.

एकटी लेक मात्र खुर्चीवर उभी राहून, शेजारच्या अनोळखी माणसाला हलवून हलवून ओरडत होती, "बघितलंत? तो पाय आम्ही घरी केलाय!"