डॅशबोर्डवरची वाटी

ट्रकच्या अड्ड्यावर सकाळपासून रांग होती. प्रत्येक चालकाच्या हातात एक वाटी, आणि महाराज तांब्यातलं मंतरलेलं पाणी त्यात काठोकाठ ओतत होते.

"डॅशबोर्डवर ठेवा. थेंब सांडला की कृपा सांडली. जपलंत, तर टाकी लवकर आटायची नाही."

कृपेला झाकण का चालत नाही, हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? तुफानअण्णांचा दाखला समोर होता. अड्ड्यावर सर्वांत सुसाट गाडी हाणणारा हा माणूस. वाटी ठेवल्यापासून पाच फेऱ्यांच्या डिझेलमध्ये त्यांच्या सहा फेऱ्या होत होत्या.

इथवर ठीक होतं. पण पाण्याने इंजिन सुधारतं तर माणूस का नाही, असं महाराज म्हणाले आणि अण्णांच्या मनाने घेतलं. त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीला फिट्स येत. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षांत एकही आली नव्हती. बायको नको नको म्हणत असताना अण्णांनी त्या गोळ्या कपाटात टाकल्या.

तिसऱ्या सकाळी दूध पिताना लेकीचा हात एकदम उडाला. पेला कलंडला. अण्णा धावत जाऊन ट्रकमधली वाटी घेऊन आले. चमचा भरला.

"घे, बाळा."

"हे नळाचं पाणी आहे, बाबा."

"असं बोलू नये."

"मीच भरलंय. वाटी आणलीत ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ट्रकची काच पुसताना माझ्या हातून सांडली. तुम्ही रागवाल म्हणून नळाखाली धरली."

चमचा हातातच राहिला. म्हणजे सहावी फेरी नळाच्या पाण्यावर झाली होती.

"मग डिझेल वाचलं कसं?"

"तुमच्या पायाने," बायको म्हणाली. "परवा ट्रकने माझ्या आईकडे गेलो, तेव्हा बारा वर्षांत पहिल्यांदा मी दांडी न धरता बसले. पाणी सांडेल म्हणून तुम्ही सिग्नल लांबून बघून ॲक्सिलरेटरवरून पाय काढत होतात. करकचून ब्रेक नाही, उगाच पळवणं नाही. रेल्वे फाटकापाशी वाटी थरथरायला लागली, तर इंजिनच बंद केलंत. गोळ्या काढा आता, आणि डॉक्टरांना फोन लावा. दोन दिवस चुकलेत, ते लपवू नका."

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पुढे काय, ते मात्र थांबून बघायला हवं म्हणाले.

दुपारी अण्णांनी रांगेसमोर वाटी उपडी केली.

"तुझी श्रद्धाच कमी पडली," महाराज म्हणाले.

"नळाला कुठली श्रद्धा, महाराज? त्याने तर डिझेल वाचवलं," अण्णा म्हणाले आणि रांगेकडे वळले. "पाय हलका ठेवा. लांबवर बघा. उभी गाडी बंद करा. यात चमत्कार नाही, तुम्हीच आहात. आणि घरात कुणी आजारी असेल तर त्याचं औषध थांबवू नका. मी थांबवलं होतं."

अर्धी रांग मोडली. अर्धी तशीच उभी राहिली.

अण्णांच्या ट्रकमध्ये आता वाटी नाही, तरी सहा फेऱ्या होतात. रोज सकाळी मात्र लेक दूध पिऊन संपवीपर्यंत ते तिच्या हाताकडे बघत बसतात.