शेवंतीचं पहिलं प्रदर्शन

"सोड, सोड! दोर ढिला सोड, दीपे. ओढशील तेवढी ती मागं जाईल," नाना, माझे वडील, ओरडले.

मी दोर ढिला केला. मंडपावरचा कर्णा पुन्हा खरखरला, आमची घोडी शेवंती मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिला आवरायला धावलेले नाना गुडघ्यावर पडले. चांदवडच्या माळावर घोड्यांच्या प्रदर्शनाला जमलेली माणसं हसली.

"भिमाजी, घोडी आणलीस, नवरदेव कुठंय?" सिन्नरचे शेखरशेठ म्हणाले.

"नवरदेव तुमीच व्हा, शेठ," नाना म्हणाले. "पण ही बसू द्यायची नाय."

लोक आणखी हसले. धूळ झटकत नानाही हसले. मला हसू आलं नाही. गर्दीत माझ्या ऑफिसातले दोघं होते.

चाळीस वर्षं नाना शेठच्या घोड्या वरातीत धरून चालले. शेवंती मात्र आमची स्वतःची. शेवंतीच्या फुलांच्या वाफ्याशेजारी जन्मली म्हणून हे नाव. तिनं कधी चाबूक पाहिला नव्हता. ती खात असताना नाना लांबून ताट वाजवायचे आणि रोज एकेक पाऊल जवळ यायचे. तिचा कान हलला की त्या दिवशी तिथंच थांबायचे. तीन महिन्यांनी ते तिच्या डोक्याशी ताट बडवत होते आणि ती हरभरे चावत होती. आज ती रिंगणात शांत उभी राहिली, तर शेठ आपली दोन शिंगरं नानांकडे शिकवायला देणार होते. आजवर लगाम धरणाऱ्या नानांना पहिल्यांदाच कोणी शिकवणारा म्हणणार होतं.

"हिला अर्धा तास दे," नाना म्हणाले. "कर्णा बघू दे, माणसं बघू दे. येईल आपणहून. मी पाणी आणतो."

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक आहे. माझी पेटी गाडीतच असते. मी टेपनं शेवंतीच्या छातीचा घेर मोजला, त्यावरून वजन काढलं आणि गुंगीच्या औषधाचा अर्धा डोस भरला. मानेत सुई गेली तरी तिनं वळून पाहिलं नाही. माझ्या हाताची तिला सवय होती.

नाना बादली घेऊन आले तेव्हा ती मान खाली घालून उभी होती.

"बघ, निवली का नाय?" त्यांना किती आनंद झाला होता. मी खरारा उचलला आणि तिची पाठ घासत राहिले.

रिंगणात कर्णा वाजला, शेजारचा घोडा खिंकाळला. शेवंती हलली नाही.

"वा, भिमाजी!" शेठ म्हणाले.

नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते तिच्या कानांकडे पाहत होते.

म्हाताऱ्या परीक्षकांनी तिचा खालचा ओठ बोटानं उचलला आणि सोडला. तो तसाच लोंबत राहिला.

"काय टोचलंय हिला?"

"काय नाय, सायेब. पोरच हाय ती माझी," म्हणत नानांनी तिच्या मानेवरून हात फिरवला. एका ठिकाणी तो थांबला. तिथले केस चिकट झाले होते. त्यांनी दोरापलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मीच टोचलं, सायेब. भ्यालो मी."

"औषध कुठून आणलं?"

"आणलं कुठून तरी."

ऑफिसातले दोघं माझ्यापासून चार पावलांवर होते. मी तोंड उघडलं नाही.

"उभा जन्म घोड्यांत काढलास आणि शेवटी सुई का रे?" शेठ म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही. परीक्षकांनी वहीतलं नाव खोडलं.

नानांनी डोक्यावरची टोपी काढली आणि शेवंतीच्या ओठावरची लाळ पुसली. मग तिचं जड तोंड खांद्यावर घेऊन ते उघड्या डोक्यानं सगळ्यांसमोरून सावकाश चालत बाहेर आले. ते जवळ आले तेव्हा बाकीचे बाजूला सरकले, तशी मीही सरकले.