नुसतं बघायला

डेनिस मास्तर गावात आला आणि बायडाबाईच्या जिवाला थारा नाहीसा झाला. आता भलतंसलतं काही मनात आणू नका. मास्तर बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, बायडाबाई चाळिशीची, आणि तो तिला आक्का म्हणायचा. दोष असलाच तर तो मास्तरच्या रविवारांचा होता.

अडुसष्ट सालची गोष्ट. तेव्हा अमेरिकेतनं अशी पोरं यायची, कुठल्या तरी शाळेत दोन वर्षं बिनपगारी शिकवायची आणि परत जायची. वारणानगरच्या अलीकडं आमच्या गावच्या हायस्कुलाच्या वाट्याला हा डेनिस आला. अंगानं ताडमाड. मराठी बोलायचा ती पुस्तकातली, पण कुणाची भीड न बाळगता. गणपतराव आणि बायडाबाईच्या घराची पुढची खोली हायस्कुलानं त्याला घेऊन दिली होती. आठवडाभर इंग्रजी आणि शास्त्र शिकवायचा, आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की खांद्याला पिशवी अडकवून यष्टीत बसायचा. सोमवारी पहाटे बायडाबाई धार काढायला बसली की हा गोठ्याच्या दारात उकिडवा बसून कुठं कुठं गेलो ते सांगायचा. कधी विशाळगड, कधी राधानगरीचं धरण, कधी आंबा घाट उतरून थेट रत्नागिरीचा समुद्र.

पहिल्यांदा बायडाबाईनं विचारलं, कुणाचं लगीन होतं काय? नव्हतं. मयत? नाही. मग नवस फेडायला गेलतास? तेही नाही.

"मग कशाला गेलतास एवढं लांब?"

"नुसतं बघायला, आक्का."

बायडाबाई पोटभर हसली. ही अमेरिकेची माणसं खुळीच, असं शेजारणींना सांगून झालं. पण रात्री अंथरुणाला पाठ लागल्यावर तिला ते आठवलं आणि झोप लागेना. आपण आजवर कुठं कुठं गेलो ते ती आठवत बसली. नणंदेच्या लग्नाला गडहिंग्लजला, दिराला बघायला कोल्हापूरच्या दवाखान्यात, बारशाला, बाराव्याला. कारणाशिवाय ती कधी दोन गल्ल्या ओलांडून गेली नव्हती.

आणि गोठ्याच्या दारात उभं राहिलं की समोर पन्हाळा. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासनं तो समोर होता. तटावर ऊन पडलेलं ती रोज बघायची, पण वर जाऊन तिथनं खाली काय दिसतं ते तिला ठाऊक नव्हतं. आपलं गाव तिथनं दिसत असेल काय? हा एवढासा प्रश्न, पण कानात शिरलेल्या किड्यासारखा वळवळत राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. भांगलताना खुरपं थांबायचं आणि नजर वर जायची. गणपतरावानं दोनदा विचारलं, तब्येत बरी हाय न्हवं? तिनं सांगितलं नाही. सांगून त्याला कळलं नसतं.

शेवटी एका सोमवारी तिनं मास्तरलाच सांगून टाकलं, मला एकदा पन्हाळ्यावर जायचं हाय, काय काम नसताना. मास्तर उडालाच. मग येत्या रविवारी चला की, म्हणाला. त्यावर बायडाबाईनं समोरच्या म्हशीकडं बोट केलं.

म्हशीचं नाव रतनी. दुधाला बख्खळ, पण एकहाती. बायडाबाईचा हात लागल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. दुसरं कुणी कासेखाली बसलं की दूध चोरायची आणि वर लाथ झाडायची. ती आटली की तिची लेक दुभती व्हायची, तिलाही आईचंच वळण. पन्हाळ्याला जाणारी गाडी सकाळी आठला आणि परत येणारी दिवेलागणीला पोचायची. संध्याकाळची पाचची धार चुकली की म्हशीची कास दुधानं तटणार. अशी अकरा वर्षं या दावणीला म्हस एका बाजूनं बांधलेली होती आणि बायडाबाई दुसऱ्या बाजूनं.

यावर एक तोड म्हशीवाल्या घरांतनं सगळ्यांना ठाऊक असते. धार काढणाऱ्या बाईचं वापरातलं लुगडं नेसून दुसरं कुणी बसलं, तर म्हस फसते म्हणतात. गणपतरावाला बायडाबाईनं ते एकदाच विचारलं होतं, सहा वर्षांपूर्वी. तिची आई बांबवड्याला भावाच्या घरी अंथरुणाला खिळली होती. गणपतराव तालमीत वाढलेला गडी, आजूबाजूच्या जत्रांतनं कुस्त्या मारलेला. तो म्हणाला, मी काय तमाशातला नाच्या हाय, लुगडं नेसाया? आणि तसल्यानं म्हस फसत न्हाय, बायकांच्या गप्पा असतात. मग बायडाबाई सकाळची धार काढून जायची आणि दुपारी तीनच्या गाडीला परत फिरायची. शेवटच्या दिवशीही ती तीनलाच निघाली. आईनं हात धरला होता, तो तिनं सोडवून घेतला. इकडं ती धार काढत होती तेव्हा तिकडं आई गेली. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. म्हस एकहाती, त्याला कोण काय करणार, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

लुगड्याची गोष्ट ऐकून मास्तर म्हणाला, "मी नेसतो."

त्याच्या बापाची तिकडं चाळीस गुरं होती. लहानपणापासनं हातानं धारा काढलेला पोरगा, त्याला लाज कसली? गणपतरावाला कळलं तेव्हा तो खो खो हसला. म्हणाला, जावा की खुशाल, म्हस मास्तरचं दात पाडंल ते तरी बघाया मिळंल.

रविवारी बायडाबाईनं धुवायला काढलेलं लुगडं खुंटीवर ठेवलं, मास्तरला शर्टपँटीवरनंच कासोटा घालायला शिकवलं आणि आठच्या गाडीत बसली. सोबतीला शहाजादी होती. ही बांगड्या विकणारी मणेरीण, पन्हाळ्यावर तिची ठरलेली घरं होती. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की विचारायचं, काय काम काढलं? बायडाबाईच्या तोंडून "नुसतं बघायला" निघेना. मग शहाजादीच सांगायची, माझ्या मदतीला आलीया.

शहाजादी घरोघर फिरून आली, तवर बायडाबाई तटावर बसून होती. खाली वारणेचं पात्र, उसाचे पट्टे, कारखान्याचं धुराडं. धुराड्यावरनं माग काढत काढत तिनं आपलं गाव हुडकलं. मूठभर कौलं. त्यातलं आपलं कुठलं ते कळेना. एवढ्याशा जागेत आपण एवढी वर्षं काढली, याचं तिला नवल वाटलं, आणि मग जरा रागही आला. वारा असा की पदर डोक्यावर ठरेना. थोड्या वेळानं तिनं तो ठरवायचा नाद सोडला.

पण पाच वाजायला आले तशी ती चुळबुळायला लागली. बोटं आपोआप वळायला लागली. उठायची, बसायची, पुन्हा उठायची. आता म्हस हंबरत असेल, लाथ झाडली असेल, पोराचं तोंड फुटलं असेल. शहाजादी वैतागली.

"अगं बाई, गाडीच सहाला हाय. आता उडी मारून जातीस काय खाली?"

दिवेलागणीला गाडी फाट्यावर थांबली. बायडाबाई शहाजादीची वाट न बघता पळतच सुटली. दारात येऊन बघते तर मास्तर लुगडं नेसलेला तसाच अंगणात बसून मुलांच्या वह्या तपासतोय. लुगडं त्याच्या नडगीपर्यंतच पोचलेलं. गल्लीतली चार माणसं हसून हसून दमलेली. गणपतराव उंबऱ्यावर. आत दुधाची कासंडी काठोकाठ भरलेली.

"लाथ न्हाय मारली?"

"कुठली लाथ," गणपतराव म्हणाला. "लुगड्याचा वास घेतला आनि सोडला की पान्हा. लई गरीब निघाली बघ."

सगळ्यांना वाटलं, बायडाबाई आता हसणार. ती हसली नाही. गोठ्यात गेली, रतनीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. रतनी रवंथ करत होती, तिनं मानसुद्धा वळवली नाही. बायडाबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघून मास्तर उठून उभा राहिला आणि गल्लीतली माणसं एकेक करून निघून गेली.

ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता.

"म्हंजे त्या दिवशी हे लुगडं तुमी नेसला असता, तर आईच्या तोंडात मी पानी घातलं असतं."

गणपतराव उंबऱ्यावरनं उठून आत गेला. रात्री कुणी जेवलं नाही. मास्तरनं लुगडं धुऊन वाळत घातलं आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

आठवडाभर घरात कामापुरतं बोलणं होतं. शनिवारी मास्तर पिशवी अडकवून निघाला. आक्का, मी थांबू काय, असं त्यानं विचारून बघितलं. बायडाबाईनं त्याला जा म्हणून सांगितलं. तुझा रविवार तुझ्यापाशी, म्हणाली.

रविवारी तिनं सकाळची धार काढली, अंगावरचं लुगडं बदललं आणि सोडलेलं लुगडं गोठ्याच्या खुंटीला अडकवलं. गणपतराव बघत होता. मास्तर न्हाय की आज, असं तो हळूच म्हणाला. तिनं ऐकलं, पिशवी उचलली आणि ती फाट्याकडं चालायला लागली.

ती बांबवड्याला गेली. भाऊ दचकला, भावजयीनं हात पुसत विचारलं, काय झालं, सगळी बरी हाईत न्हवं? बायडाबाईनं सांगितलं, काय न्हाय झालं, आईची खोली नुसती बघाया आले. खोलीत आता पेंडीची पोती रचलेली. एका पोत्यावर ती बसली. बसून बसून रडली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले तेव्हा तिचे पाय सवयीनं उठले. तिनं ते परत खाली ठेवले आणि तिन्हीसांजेच्या गाडीपर्यंत तिथंच बसली.

घरी पोचली तेव्हा अंधार पडला होता. गणपतराव चुलीपुढं बसून जाळ घालत होता आणि त्यानं मागं वळून बघितलं नाही. कासंडी भरलेली होती. लुगडं दोरीवर वाळत होतं, चुरगळलेलं, खोचलेल्या जागी फाटलेलं. शेजारची पोरगी दुसऱ्या दिवशी सांगत होती, काकांनी गोठ्याचं दार आतनं लावून घेतलं होतं आणि बराच वेळ नुसतं म्हशीशीच बोलत होते.

बायडाबाईनं हातपाय धुतले. परातीत पीठ घेतलं. गणपतरावानं जाळाकडं बघतच विचारलं,

"फुडच्या ऐतवारी कुठं?"

"अजून ठरवलं न्हाय," ती म्हणाली, आणि पहिली भाकरी तव्यावर टाकली.