औषधांच्या फळीवरची बर्फी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझा रंग अजून शाबूत आहे आणि तेच माझं दुखणं आहे. माझ्यावर एका सडपातळ बाईचं चित्र आहे. खाली ठळक अक्षरांत छापलंय, 'आरोग्यदायी संत्रा बर्फी. साखर नाही. निर्धास्त खा.'

नागपूरच्या एका दुकानात मी मोठ्या तोऱ्यात बसलो होतो. रजतने मला उचललं ते आईसाठी. जिजाबाई नरखेडची संत्र्याची बाग सोडून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकाकडे आल्या होत्या. त्यांना शुगर, म्हणून डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. आईच्या जिभेचे हाल नकोत, या मायेने रजतने मला आणलं आणि ठेवलं कुठे, तर थेट औषधांच्या फळीवर. मला आभाळ ठेंगणं झालं.

जिजाबाई जेवण झालं की गोळी घेत आणि गोळीमागोमाग माझ्यातली बर्फी. नातीने हात पुढे केला तर म्हणत, हे औषध आहे, लेकरांनी खायचं नसते. गावाहून एसटीने त्यांच्याच बागेतल्या संत्र्यांची पेटी आली. त्यांनी सगळ्यांना सोलून दिली, पण स्वतः एक फोड तोंडात टाकली नाही. संत्रं गोड असते ना! मग नुसती बोटं हुंगत बसल्या.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं. शुगर इतकी चढली होती की डॉक्टरांनी त्यांना तसंच परत पाठवलं. घरी येताच रजत चिडला.

"आई, लपून काय खाऊन राहिली तू?"

जिजाबाई अंग चोरून बसल्या. आयुष्यात कधी कुणापासून काही लपवलं नाही त्या बाईने.

"काहीच नाही गा. तू आणलं तेच खाल्लं. एक दिवस नाही चुकवलं."

तेव्हा सुनेने, मुग्धाने, मला फिरवून पाठ पाहिली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: गूळ, मध, खजुराचा पाक, तूप. ती वाचत गेली तशी रजतची मान खाली गेली. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. साखर नव्हती हे खरं, पण तिची सगळी भावंडं माझ्या पोटात नांदत होती.

बर्फी चवीला वाईट नव्हती हो. खाऊ म्हणून आली असती तर कुणी फसलं नसतं. तिने औषधाचं सोंग घेतलं आणि ते सोंग माझ्या अंगावर छापलेलं होतं.

पुढे शुगर उतरली, ऑपरेशनही झालं. आता माझ्यात संत्र्याच्या वाळलेल्या साली असतात. डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर जिजाबाईंनी मला हातात घेतलं, चित्र निरखून पाहिलं आणि सुनेला विचारलं,

"हे बाई हेच खाऊन इतकी बारीक झाली का वं?"

मुग्धाने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि औषधांच्या फळीऐवजी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मित्रांनो, दुकानात माझे भाऊबंद दिसले तर त्यांनाही आधी असंच फिरवा आणि मगच आईसाठी घ्या.