नावाड्याचं मरण

लेखिकेच्या कादंबरीतलं गाव कुठल्याच नकाशावर नव्हतं. नदीचं वळण, निसरडा धक्का, घंटा हरवलेली शाळा, सगळं तिच्या डोक्यातून आलेलं. नावाड्याचं मात्र काही केल्या जमेना. तोंड उघडलं की तो पुस्तकी बोले. शेवटी तिने त्याच्या तोंडी दादाची बोली घातली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, कारखान्यातला फिटर. यंत्रात सापडून गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. "होतंय गं, नदी काय पळून चाललीय?" असं नावाडी म्हणाला आणि कागदावर जिताजागता माणूस उभा राहिला.

आई अंथरुणाला खिळलेली होती. नजर गेलेली, काल कुठला नि आज कुठला याचीही सरमिसळ. लेखिका तिला संध्याकाळी लिहिलेलं वाचून दाखवी. नावाडी बोलला तशी आई उठून बसायला धडपडू लागली.

"हा हल्ली नावेवर असतो होय?"

"कोण गं?"

"अगं, आपला दादा. बरं झालं बाई, त्या यंत्रांच्या तावडीतून सुटला."

खरं सांगायला लेखिकेची जीभ रेटेना. त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवली.

पण नावाडी पुरात बुडणार, हे पहिल्यापासून ठरलेलं. सगळी कादंबरी त्या मरणावर तोललेली होती. लेखिकेने ते लिहिलं, आणि आईसाठी निराळे प्रसंग रचत राहिली. त्यांत तो लोकांना पलीकडे पोचवी, थट्टामस्करी करी, सुखरूप परते.

एकदा ती प्रकाशकाकडे गेली असताना आईने वाचनाचा हट्ट धरला. सांभाळायला असलेल्या मावशींनी टेबलावरचे कागद उचलले आणि वाचले.

लेखिका परतली तेव्हा मावशी दारातच रडवेल्या उभ्या होत्या. "ताई, मला काय माहीत हो, त्यात असं असेल..."

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"एकदा गेला, तेवढं पुरलं नाही का गं तुला?"

"आई, गोष्ट आहे ती. बदलते मी."

"मग बदल."

लेखिका तशीच लिहायला बसली. नावाड्याच्या हाती फांदी लागली, तो काठावर आला, खोकला, बोलला. तिने ते वाचून दाखवलं. आईने कान देऊन ऐकलं आणि मान हलवली.

"हा तो नव्हे. दुसराच कुणीतरी आलाय."

खरंच होतं ते. वाचलेला माणूस पुन्हा पुस्तकी बोलत होता. लेखिकेने खाडाखोड केली, पानं फाडली, पण दादा परत आला नाही. आईने नंतर काही ऐकूनच घेतलं नाही. अन्न कमी होत गेलं आणि महिन्याभरात ती गेली.

कादंबरी छापून आली, तिच्यात नावाडी बुडालेलाच होता. संपादकांचा फोन आला. "काय प्रकरण उतरलंय हो! ही भाषा कुठे मिळाली तुम्हाला?"

"घरात," ती म्हणाली.

काही दिवसांनी तिने नवं लिखाण सुरू केलं. त्यात खाटेवर पडलेली एक म्हातारी आली आणि पहिल्याच ओळीला तोंड भरून बोलली. तो आवाज कुणाचा, हे लेखिकेला तत्क्षणी कळलं. उठून तिने खोलीचं दार लोटलं आणि ती लिहू लागली.