लाल तळहाताची नोकरी

गुरुवारी भोकरदनची एसटी आमच्या टेंभूरखेड्याच्या फाट्यावर थांबली की निम्मी गाडी तिथंच रिकामी व्हायची. उतरणारी सगळी तरुण पोरं, धुतलेल्या शर्टातली, आणि त्यांच्यामागं नारळ घेतलेले त्यांचे बाप. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं होत आली होती. विहिरींना पाणी आलं होतं, पण मॅट्रिक झालेल्या, बी.ए. झालेल्या पोरांना नोकरी काही लागत नव्हती. ती लावून देणारे हळदीबाबा आमच्या गावात, मारुतीच्या पाराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये बसत.

"देवाच्या ऑफिसात अर्ज लागत न्हाई, वशिला लागत न्हाई, इंटरव्ह्यू तर बिलकुल न्हाई," बाबा म्हणायचे. "हात पुढं कर बेटा."

पोरगं हात पुढं करी. बाबा तळहात अंगठ्यानं दाबून बघत, मनगट वळवून बघत, दंड चाचपत. बैल घेणारासुद्धा इतकं निरखून बघत नाही. मग तळहातावर ओल्या हळदीचा लेप लावून, डोळे मिटून, शेजारच्या दोन तांब्यांपैकी एकातलं तीर्थ त्यावर सोडत. तळहात लालभडक झाला की नोकरी लागली. पिवळाच राहिला तर प्रारब्ध आडवं आलं, पुढच्या वर्षी या. लाल हातवाल्यांना न्यायला दुसऱ्या दिवशी सर्जेराव ठेकेदाराची जीप यायची आणि पोरं गुलाल लावून जीपमध्ये बसायची.

बाबांचे नियम दोन. पहिला, मिळालेल्या कामाचं नाव वर्षभर कुणापुढं काढायचं नाही. काढलं की काम जातं, शिवाय घरावर कोप होतो. दुसरा, औरंगाबादच्या सेवायोजन कार्यालयातलं नाव नोंदणीचं कार्ड देवापुढं ठेवायचं. एक पाय देवाच्या दारात आणि एक सरकारच्या, हे बाबांना चालत नसे. हात लाल होवो की पिवळा, सगळी कार्डं आमचे सरपंच अण्णासाहेब गोळा करत आणि 'यांना नोकरी लागली, नावं कमी करावीत' अशा सही-शिक्क्यानिशी टपालानं पाठवून देत.

परिणाम असा झाला की वर्षभरात आमच्या गावाचा एकही माणूस सरकारदप्तरी बेकार उरला नाही. तालुक्याचे साहेब येऊन हार घालून गेले. अण्णासाहेबांनी फाट्यावर पाटी लावली: 'बेकारीमुक्त गाव टेंभूरखेडा'. मुलींचे बाप आमच्या गावची वाट तुडवू लागले. मुलगा काय करतो, असं विचारलं की 'नोकरीला आहे' एवढं उत्तर पुरत असे, कारण पुढचं विचारलं तर कोप होणार. अण्णासाहेबांचा स्वतःचा पोरगा बी.कॉम. होऊन घरीच होता. त्याचा हात मात्र बाबांपुढं कधी आला नाही, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मी त्या गावात मराठी शिकवणारा मास्तर. हे थोतांड आहे असं मी चारचौघांत एकदा बोललो होतो. तेव्हा बी.ए. झालेला वसंता नरमपणे मला म्हणाला, "मास्तर, तुमची लागलेली हाय. तुम्हाला काय जातं?" मी पानाची डबी काढून पान लावू लागलो. हात लाल कसा होतो हे मला सांगता येईना. शिकवतो मराठी, रसायनशास्त्र नव्हे.

खरा प्रश्न कचरूच्या घरी होता. कचरू दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस. छप्पन सालानंतर आमच्या भागात दीक्षेचं वारं आलं तेव्हा घरातले देव त्यानं स्वतःच्या हातानं केळणा नदीत सोडले होते. आता देवाला नाही, पोरीच्या पाटीपेन्सिलीला पैसा घालायचा, असं तो म्हणे, आणि त्यानं तो घातला. बेबीनंदा मॅट्रिक झाली, डी.एड. झाली. त्यांच्या आळीतली पहिली शिकलेली पोर. तिनं कार्यालयात नाव नोंदवलं आणि मास्तरीणबाई व्हायची वाट बघत दोन वर्षं काढली. दोन वर्षं लोक कचरूला रोज विचारत होते, लागली का? या विचारण्यानं माणूस खंगतो. शेवटी एका गुरुवारी तो पोरीला म्हणाला, एकदा हात दाखवून येऊ, आपलं काय जातं?

बेबीनंदाला ते मुळीच पटलं नव्हतं. देव सोडलेल्या घरातून आपण भोंदूच्या दारात कसं जायचं, असं तिनं विचारलं. पण बापाचं तोंड बघून ती गेली. बाबांनी तिचा हात दाबून पाहिला, हळद लावली, तांब्या कलता केला. हात लाल झाला. कार्ड मात्र तिनं दिलं नाही, घरी विसरलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती जीपमधून गेली आणि थेट पुढच्या गुरुवारी, आठवडी बाजाराच्या सुट्टीला परत आली. मुक्कामाला पालं आहेत, काम बरं आहे, एवढंच बोलली. कचरू गावभर सांगत सुटला की पोरगी नोकरीला लागली. दर बाजाराला घरी आली की जेवताना ती ताटावर पदर ओढून घ्यायची, तो ते शिकलेल्या पोरीचं वळण समजायचा. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाण्याचा तांब्या तिच्या हातातून निसटला तेव्हा त्याला तिचे तळहात दिसले. फोड फुटून कातडं निबर झालं होतं. मग तिनं खरं सांगितलं. सर्जेरावानं रस्त्याच्या खडीचा ठेका घेतला होता आणि गावचे सगळे नोकरदार तिथं हातोड्यानं दगड फोडत होते, बी.ए.वाला वसंतासुद्धा. सरकारच्या रोजगार हमीच्या कामावर मिळत होती त्याहून मजुरी कमी, आणि सांगायची सोय नाही. सांगितलं तर कोप, आणि कोपापेक्षा मोठी भीती लाजेची. तिनं मास्तरकीचा कॉल येईपर्यंतच टिकायचं ठरवलं होतं. कचरूला रात्रभर झोप आली नाही, पण तो गप्प राहिला. गप्प राहायला त्याच्याकडं आणखी एक कारण होतं.

ते कारण पुढच्या बाजाराच्या दिवशी दारात आलं. भोकरदनची सत्यशीला, बेबीनंदाबरोबर डी.एड. झालेली, पेढे घेऊन आली. तिला घनसावंगीकडच्या एका शाळेत मास्तरकी लागली होती. खूश होती, पण बावरली होती. म्हणाली, "बेबे, तुहं नाव माह्या वरती व्हतं. मी हाफिसात विचारलं. ते म्हणले, तिला नोकरी लागली, नाव कमी झालंय." बेबीनंदा म्हणाली, कार्यालयाची चूक असेल, माझं कार्ड तर पेटीत आहे. तिनं पेटी उघडली. कार्ड नव्हतं. कचरू उठून अंगणात गेला आणि कुंपणाला धरून उभा राहिला.

त्या संध्याकाळी बेबीनंदा ओढ्यावर धुणं धुवायला बसली. पदराला भाजीच्या हळदीचा डाग होता. साबण लावला, डाग लालभडक झाला. हे घरोघरच्या बायका रोज बघतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, खळबळून धुतला की पुन्हा पिवळा होतो. बाबांच्या शेडमध्ये याच बायका हात जोडून उभ्या असत, आणि ओढ्यावरची गोष्ट एकीनंही शेडपर्यंत नेली नव्हती. धुणं आणि देव यांचे कप्पे आपल्या डोक्यात वेगळे असतात. बेबीनंदा पदर तसाच ओला घेऊन माझ्याकडं आली आणि चुन्यानंही असंच होतं का, असं तिनं विचारलं. पानाच्या डबीतला चुना आम्ही पाण्यात कालवला, वरची निवळी माझ्या तळहातावरच्या हळदीवर टाकली. झालं, मलाही नोकरी लागली.

पुढच्या गुरुवारी बाजाराच्या सुट्टीवर आलेली खाणीवरची पोरंही शेडमध्ये होती. बेबीनंदा सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली. पिशवीतून तिनं खाणीवरचा एक काळा दगड काढला, बाबांच्या वाटीतली हळद त्याला फासली आणि बाबांना काही कळायच्या आत, तिच्या हातावर कलता केला होता त्याच तांब्यातलं तीर्थ त्यावर ओतलं. दगड लाल झाला.

"दगडालाबी नोकरी लागली बाबा," ती म्हणाली. "त्याला कवा नेता जीपमंधी?"

कुणीतरी हसलं. मी शेजारचा दुसरा तांब्या उचलून तळहातावरच्या हळदीवर ओतला. त्यात साधं पाणी होतं, हात पिवळाच राहिला. पहिल्या तांब्याच्या बुडाशी चुन्याचा गाळ बसला होता. दणकट हाताला चुन्याचा तांब्या, किरकोळ हाताला पाण्याचा. निवड देव नाही, ठेकेदार करत होता. धडधाकट माणूस सरकारी कामावर जाऊ नये आणि कमी मजुरीत मुकाट राबावा, म्हणून हा सगळा हळदीकुंकवाचा थाट होता. बाबा कलियुगाबद्दल काहीतरी पुटपुटू लागले.

अण्णासाहेब मात्र सहज हरणारे नव्हते. ते उभे राहून म्हणाले, "रंगाचं सोडा. रंग खोटा असल. पण काम तर लागलं ना? दाखवा मला गावात एक बेकार माणूस."

बैठक पुन्हा त्यांच्याकडं कलली. माना हलल्या. खरंच वाटत होतं ते; अण्णासाहेबांचा घरी बसलेला पोरगा आणि पिवळ्या हातांची पोरं कुणाला आठवली नाहीत.

बेबीनंदानं आपले दोन्ही तळहात वर धरले. मग वसंताला म्हणाली, "वसंताभाऊ, तूबी दाखव." वसंता जागचा हलला नाही. त्याची आई, पुष्पाबाई, त्याच्याकडं बघत होती. आपला पोरगा कुठल्याशा कचेरीत आहे असं समजून तिनं त्याचं लग्न ठरवलं होतं. शेवटी त्यानं हात उघडले. मग एकामागून एक बाकीच्यांनी उघडले. पुष्पाबाईनं पोराचा हात आपल्या हातात घेतला.

"खडी फोडायला लाज न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "माह्या बापानं असंच राबून मला शिकवलं. पर खडी तर न शिकताबी फोडता येती ना अण्णासाहेब? मंग यांच्या शिक्षणाचं काम कुठं हाय? ते तुमच्या पाटीवर लिवलं का?"

आणि तेव्हा कचरू उठला. बैठकीत बोलायची सवय नसलेला माणूस. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

"कार्ड म्या दिलं," तो म्हणाला. "बेबी शेतात गेल्ती, तवा पेटीतून काढून दिलं. मला वाटलं, कार्डावाचून अडायला नको. देव नदीत सोडले म्या, अन् पोरीचं नशीब याच्या पायावर घातलं. सत्यशीलाच्या जागी माही बेबी राह्यली असती."

बेबीनंदा बापाकडं बघत राहिली. रागावली असती तर कचरूला सोपं गेलं असतं. तिनं पिशवी उचलली आणि त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

त्याच रात्री सर्जेरावाची जीप येऊन बाबांना घेऊन गेली. पोरांनी खाण सोडली असं मात्र नाही. निम्मे सरकारी कामावर गेले, निम्मे तिथंच राहिले, कारण पोटाला सुट्टी नसते. पण आता कुणी विचारलं तर खडी फोडतो म्हणून सांगायचे. वसंताचं लग्न मोडलं. फाट्यावरची पाटी अण्णासाहेबांनी काढली नाही, अजून आहे.

वाचकहो, हळद आणि चुन्याचं गुपित कळायला एक डबी पुरे. दुसरं गुपित अवघड आहे. सगळे कामाला आहेत, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, मग तो बाबा असो की साहेब, तर हार घालण्याआधी एवढं विचारा: कोणतं काम, काय मजुरीवर, आणि त्या माणसानं शिकून काय करायचं ठरवलं होतं. विचारल्यानं कोप होत नाही.

पुढच्या सोमवारी कचरू आणि बेबीनंदा औरंगाबादला गेले. मीही सोबत गेलो होतो. नाव नव्यानं नोंदवायचं, म्हणजे रांगेत अगदी शेवटी. दोन वर्षांची वाट पाण्यात. खिडकीतल्या कारकुनानं कागदावरून मान वर न करता विचारलं, "सध्या काही नोकरी?"

बेबीनंदा बोलणार तेवढ्यात कचरू पुढं झाला. ज्या तोंडानं त्यानं पोरगी नोकरीला आहे म्हणून गावभर सांगितलं होतं, त्याच तोंडानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "न्हाई साहेब. माही पोरगी बेकार हाय. तसंच लिव्हा."